ट्रॅक्टर किती ओढतो ते नंतर, आधी किती पेलतो ते बघा

पिंपळगाव बसवंतला माझं ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आपला पंचेचाळीस एचपीचा आहे, किती टनाची ट्रॉली ओढंल?" सपाट डांबरीवर पंचेचाळीसचा ट्रॅक्टर भरपूर ओढतो, त्यात वादच नाही. पण दोन चाकी ट्रॉली आपलं थोडं वजन ट्रॅक्टरच्या हूकवर टाकते. ते मागच्या चाकांना पेलावं लागतं आणि त्याच वेळी पुढची चाकं हलकी होतात. म्हणून मी उलट विचारतो: ट्रॉलीत काय भरणार? कांदा, शेणखत, मुरूम की पाण्याची टाकी?

हे विचारायची सवय मला एका अपघातानं लावली. २००९ च्या उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ द्राक्षबागेच्या रस्त्यासाठी मुरूम आणत होता. ट्रॉली मीच बनवलेली. मागून माल भरताना ती मागे टेकू नये म्हणून त्यानं सांगितलं तसा मी एक्सल बराच मागे घेतला होता. पालखेडच्या कालव्यावरच्या पुलाला चढ लागला, त्यानं गिअर टाकून क्लच सोडला आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं वीतभर उचलली. स्टेअरिंग हातात, पण वळवायला जमिनीवर चाकच नाही. ट्रॅक्टर बाजूच्या चारीत गेला, त्याचा पाय मोडला. चालवणारा चुकला असं लोकं म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी जागेवर जाऊन ट्रॉली मापली तेव्हा चूक माझ्या एक्सलची आणि काठोकाठ भरलेल्या मुरमाची आहे हे मला कळलं.

आता हिशोब कसा करायचा ते सांगतो. कागदापेक्षा भुईकाट्यावर तो चांगला कळतो. मार्केटच्या सकाळच्या गर्दीत कोणी दोनदा गाडी मागेपुढे घेऊ देणार नाही, दुपारनंतर जा. काट्याचं प्लॅटफॉर्म आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असेल असाच काटा निवडा, नाहीतर आकडे खोटे येतात. डिझेल भरलेलं हवं आणि चालवणारा सीटवर बसलेला हवा.

आधी नुसता ट्रॅक्टर काट्यावर घ्या. मग फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर राहतील असा मागे घ्या. मग नेहमीचा माल भरलेली ट्रॉली जोडा आणि ट्रॅक्टर पूर्ण काट्यावर, पण ट्रॉलीची चाकं बाहेर रस्त्यावर, असं उभं करा. पुन्हा फक्त पुढची चाकं. शेवटी ट्रॅक्टर-ट्रॉली मिळून सगळं. प्लॅटफॉर्म तेवढं लांब नसेल तर ट्रॉलीची चाकं वेगळी घ्या आणि बेरीज करा. पाच पावत्या होतात, त्या जपून ठेवा.

गेल्या हंगामात निफाडकडच्या एका शेतकऱ्याच्या पावत्या माझ्याकडे आल्या. नुसता ट्रॅक्टर १,९८० किलो, त्यातले पुढच्या चाकांवर ७७०. कांद्यानं भरलेली ट्रॉली जोडल्यावर ट्रॅक्टरचंच वजन झालं २,४४०. म्हणजे हूकवर ४६० किलो आलं. पुढची चाकं ७७० वरून ५७५ वर उतरली. मागच्या चाकांवर आधी १,२१० होते, आता १,८६५. हूकवर ४६० टाकले आणि मागच्या चाकांवर ६५५ वाढले, हे बघून तो चक्रावला. कारण सोपं आहे. हूक मागच्या एक्सलच्या जवळपास ८० सेंटीमीटर मागे असतो आणि पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये साधारण १९० सेंटीमीटर अंतर असतं. मागचा एक्सल टेकू धरा. मागून दाबलं की पुढून उचलतं, आणि पुढून जेवढं उचललं तेवढंही मागच्याच टायरवर येऊन बसतं.

यात मी एकच कसोटी लावतो: ट्रॉली जोडल्यावर ट्रॅक्टरचं जेवढं वजन होतं त्याच्या किमान २० टक्के पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे. २,४४० चे २० टक्के ४८८. त्याच्याकडे ५७५ होते. कांद्याला पास.

पण तीच ट्रॉली तो मुरमाला लावणार होता. ट्रॉली दहा बाय सहा फूट, फाळके, म्हणजे बाजूच्या भिंती, दोन फुटांचे. म्हणजे १२० घनफूट, शंभर घनफुटांच्या ब्रासच्या हिशोबानं सव्वा ब्रासला थोडी कमी. एवढ्यात कांदा बसतो १९-२० क्विंटल. मुरूम काठोकाठ भरला तर साडेपाच टनांच्या पुढे जातो. ट्रॉली दोन्ही वेळेला सारखीच भरलेली दिसते आणि इथेच सगळे फसतात.

हूकवर किती येईल ते टेपनं मोजता येतं. या ट्रॉलीचा एक्सल हौद्याच्या मध्यापासून दीड फूट मागे होता आणि हूकपासून एक्सल साडेदहा फुटांवर. माल सारखा पसरला तर दीड भागिले साडेदहा, म्हणजे मालाचा सातवा हिस्सा हूकवर जातो. साडेपाच टनांचे झाले ७८५. रिकामी ट्रॉली हूकवर १७० टाकत होती. एकूण ९५५. पुढची चाकं उरली ३७० किलोच्या आसपास. ट्रॅक्टरचं वजन होणार २,९३५, त्याचे २० टक्के म्हणून हवे होते ५८७. हे उभ्या ट्रॅक्टरचे, सपाटीवरचे आकडे. चढाला क्लच सोडला की त्यातूनही कमी होतात. उलट बाजूनं गणित केलं तर या जोडीला हूकवर ६०० किलोच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे मुरूम तीन टन. निम्मी ट्रॉली. त्याला ते पटायला वेळ लागला, कारण निम्मी ट्रॉली घेऊन जाताना लोकं बघतात.

मग एक्सल पुढे सरकवून हूकवरचं वजन कमी का करू नये? करता येतं, पण बेतानं. एक्सल अगदी मध्यावर आणला तर मागे जरा माल जास्त झाला की ट्रॉलीची दांडी वर उचलते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ओलसर जागी जागेवरच फिरतात. रस्त्यावर ट्रॉली शेपटासारखी हलते ती वेगळीच. हूकवर थोडं वजन हवंच. मोठ्या ट्रेलरचं गणित यापेक्षा सोपं असतं. अंबड-सिन्नरच्या एमआयडीसीत येणाऱ्या ट्रेलरचा किंगपिन, म्हणजे खालची जाड खुंटी, ज्या चकतीसारख्या फिफ्थ व्हीलवर बसतो, ते घोड्याच्या, म्हणजे पुढून ओढणाऱ्या गाडीच्या, मागच्या एक्सलच्या वरच किंवा किंचित पुढे असतं. वजन एक्सलच्या मागे लोंबत नाही, म्हणून घोडा पुढून उचलत नाही. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात असंच फिफ्थ व्हील बसवून राहण्याचे ट्रेलर ओढतात. त्यात ट्रेलरचं १५ ते २५ टक्के वजन पिकअपवर येतं, आणि तिथंही ओढायची ताकद शिल्लक असताना पेलायची मर्यादा आधी संपते.

पुढे वजनाच्या प्लेटा लावल्या की काम झालं, असं काहींना वाटतं. प्लेटांनी स्टेअरिंग परत येतं, हे खरं. पण मागच्या टायरवर जे बसलंय ते फारसं हलत नाही. टायरच्या बाजूवर किती वजनाला किती हवा ते छापलेलं असतं, ते वाचा. ट्रॉलीच्या टायरवर लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती पेलतो त्याचा सांकेतिक आकडा, असेल तर १२० म्हणजे एका टायरला १,४०० किलो, १३० म्हणजे १,९०० आणि १४० म्हणजे २,५००. दोन टायरची बेरीज ट्रॉलीच्या एक्सलवरच्या वजनापेक्षा जास्त हवी, आणि जुन्या, तडे गेलेल्या टायरला मी तो आकडा मानत नाही.

पाण्याचा टँकर हा वेगळाच प्रकार आहे. लिटरला किलो, म्हणजे ५,००० लिटरला पाच टन, वर टाकीचं वजन. अर्धी टाकी भरलेली जास्त त्रास देते. चढाला पाणी मागे धावतं, ब्रेक मारला की पुढे येऊन हूकवर आदळतं. आत आडव्या पत्र्याचे कप्पे नसतील तर टाकी पूर्ण भरा किंवा रिकामी न्या.

ट्रॉली नेहमी खालच्या हूकलाच जोडा. वर, टॉपलिंकच्या (अवजार वरून धरणाऱ्या दांडीच्या) जागी साखळी अडकवून ओढलं की ट्रॅक्टर मागे उलटतो. चालवणारा उडी मारेपर्यंत सगळं संपलेलं असतं. रस्त्यावर आल्यावर डाव्या आणि उजव्या चाकाच्या ब्रेकचे दोन्ही पेडल खटक्यानं जोडलेले आहेत का ते पायानं बघा, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात आणि एकच पेडल दाबला गेला तर मागचं सगळं वजन ट्रॅक्टरला आडवं फिरवतं. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

आरसीवर ट्रॉलीचं भरलेलं वजन लिहिलेलं असतं, ते ओलांडू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००.

चार चाकी ट्रॉलीला हूकवरच्या वजनाचा हा हिशोब जवळजवळ लागत नाही, ती आपलं वजन आपल्याच चाकांवर घेते. तिथे प्रश्न थांबवण्याचा.

त्या अपघातानंतर माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक दोन चाकी ट्रॉलीच्या फाळक्यांना आतून मी एक पिवळी पट्टी मारतो. मुरूम तिथपर्यंतच. पट्टी किती उंचीवर येईल ते ट्रॅक्टरवर ठरतं, म्हणून ट्रॉली न्यायला याल तेव्हा तुमच्या ट्रॅक्टरच्या काट्याच्या पावत्या सोबत आणा. दुसरीकडून घेतलेली ट्रॉली असली तरी या, पट्टीचे पैसे मी घेत नाही.