मंत्रिमंडळाच्या ठरावापासून गावच्या दवाखान्यापर्यंत: आफ्रिकेतल्या देशांत धोरण राबवायचे कसे

युगांडा असो, घाना असो की मलावी, एखादे धोरण फसले की ‘राजकीय इच्छाशक्ती नव्हती’ असे सांगून सगळे मोकळे होतात. प्रत्यक्षात इच्छाशक्ती बहुतेक वेळा भरपूर असते. घोषणा तर तयारीच्या कितीतरी आधी झालेली असते. राहून जाते ती उलटी मोजणी. शेवटच्या टोकाला बसलेल्या परिचारिकेच्या किंवा शिक्षकाच्या टेबलापासून मागे मागे राजधानीपर्यंत येत माणूस, माल आणि पैसा कधी लागेल हे कोणी मांडलेले नसते. पुढची सगळी पद्धत या उलट्या मोजणीची आहे.

आधी टेबल, मग ठराव

धोरणाचा मसुदा हातात आला की पहिले काम म्हणजे तो एका वाक्यात उतरवणे: कोण, कुठे, कोणाला, काय देणार आणि त्या बदल्यात काय घेणार नाही. ‘माता आरोग्याची उपलब्धता वाढवणे’ हे राबवता येत नाही. ‘सरकारी आरोग्यकेंद्रात येणाऱ्या कोणत्याही बाईकडून बाळंतपणाचे पैसे घ्यायचे नाहीत’ हे राबवता येते. असे वाक्य लिहिले की लगेच पुढचा प्रश्न पडतो, आणि तोच बहुतेक फायलींत नसतो: केंद्राला आजवर त्या शुल्कातून जे पैसे मिळत होते, ते आता कुठून येणार? रॉकेल, साबण, हातमोजे, रात्रपाळीच्या मदतनिसाचे मानधन हे सगळे त्याच पेटीतून भागत असते.

मग हिशेब मांडायचा. समजा जिल्ह्याची लोकसंख्या 2,00,000 आणि जन्मदर हजारी 35, म्हणजे वर्षाला 7,000 बाळंतपणे. त्यातली 60 टक्के आज केंद्रात होतात: 4,200. शुल्क उठल्यावर हे प्रमाण 80 टक्क्यांवर जाईल असे धरले तर 5,600. जादा काम 1,400 बाळंतपणांचे. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना ठोकताळा एका मिडवाइफमागे (बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित सेविकेमागे) वर्षाला 175 बाळंतपणांचा आहे; त्या हिशेबाने आठ मिडवाइफ जास्त लागतील. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखायला प्रत्येकी 10 युनिट ऑक्सिटोसिन धरले तर वर्षाला 5,600 कुप्या, आणि तीन महिन्यांचा राखीव साठा आणखी 1,400. हे औषध 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, म्हणजे लसींचा फ्रिज चालू हवा, आणि त्यात जागा हवी. वीज नसलेल्या केंद्रांची यादी इथेच काढायची. एवढा एक पानभर हिशेब केला तरी घोषणेची तारीख बहुधा सहा महिने पुढे ढकलावी लागते.

हा हिशेब न करता दार उघडले की काय होते ते मलावीत दिसले. 1994 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झाले आणि शाळांतली मुले सुमारे 19 लाखांवरून 30 लाखांच्या घरात गेली. घाईने सुमारे 20,000 शिक्षक भरले गेले, त्यातले बहुतेक अप्रशिक्षित. वर्ग झाडाखाली भरू लागले. केनियाने जानेवारी 2003 मध्ये हेच केले. पटसंख्या 59 लाखांवरून 72 लाखांपर्यंत चढली आणि शाळा वर्षाच्या सुरुवातीलाच ओसंडून गेल्या. याउलट सिएरा लिओनने गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि पाच वर्षांखालची मुले यांच्यासाठी मोफत उपचार 27 एप्रिल 2010 ला सुरू केले, पण त्याआधी आरोग्य कर्मचाऱ्यांचे पगार भरघोस वाढवले आणि वेतनपट तपासून त्यातली बोगस नावे काढली. पगार आधी वाढवायचे कारण साधे आहे: ज्याचा पगार पुरत नाही त्याला ‘आता पैसे घेऊ नकोस’ असा आदेश दिला तर तो पैसे घेणे थांबवत नाही, पावती देणे थांबवतो.

अर्थसंकल्पाचे कॅलेंडर चुकवू नका

केनियात आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते. अर्थ खात्याचे परिपत्रक ऑगस्टअखेर निघते, धोरण निवेदन 15 फेब्रुवारीपर्यंत संसदेत जाते, खर्चाचे अंदाज 30 एप्रिलपर्यंत. काउंटी (जिल्ह्यासारखे स्थानिक सरकार) पातळीवर वार्षिक विकास आराखडा 1 सप्टेंबरला सादर व्हावा लागतो, म्हणजे वर्ष सुरू व्हायच्या दहा महिने आधी. मार्चमध्ये मंत्र्यांच्या मनात आलेली योजना त्या जुलैच्या अर्थसंकल्पात नीट बसत नाही. बसवली तर ती पुरवणी मागण्यांत जाते आणि पुरवणीतले पैसे वर्षाच्या शेवटी, तेही अर्धवट, सुटतात. दक्षिण आफ्रिकेचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. देश कोणताही असो, हे कॅलेंडर भिंतीवर लावून त्यावरून मागे मोजायचे.

तरतूद आणि प्रत्यक्ष सुटलेली रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलवर तीन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे: मंजूर, सुटलेले, खर्च झालेले. पहिल्या दोनांत फट असेल तर अडचण तिजोरीत आहे. दुसऱ्या-तिसऱ्यांत असेल तर खरेदीत किंवा माणसांत. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि ‘खात्याला पैसे खर्च करता येत नाहीत’ ही ओरड अनेकदा चौथ्या तिमाहीत एकदम सुटलेल्या पैशाबद्दल असते. निविदेलाच तीन-चार महिने लागत असतील तर जूनमध्ये आलेल्या पैशाचे कोणी काय करावे?

राखीव कर लावला म्हणून पैसा सुरक्षित झाला असेही समजू नका. घानाने 2003 मध्ये राष्ट्रीय आरोग्य विमा आणला आणि त्यासाठी 2.5 टक्क्यांचा स्वतंत्र कर बसवला. आफ्रिकेत असा भक्कम पाया फार थोड्या योजनांना मिळाला आहे. पण कर आधी सरकारच्या सामाईक तिजोरीत जातो, तिथून विमा प्राधिकरणाकडे. आणि 2017 च्या कायद्याने अशा राखीव निधींवर मर्यादाही घातली; आरोग्य विम्यापुरती ती 2025 मध्ये उठली. दवाखान्यांची देयके महिनोन्‌महिने अडकली की ते कार्डधारकाला बाहेरून औषध आणायला सांगतात. योजना कागदावर चालू असते, खिडकीवर बंद. म्हणून देयक किती दिवसांत चुकते होते हा आकडा नोंदणी किती झाली याच्याही वर ठेवायचा.

दर ठरवतानाही खिडकीवरचाच विचार हवा. केनियाने जून 2013 पासून बाळंतपण मोफत केले तेव्हा आरोग्यकेंद्राला प्रत्येकामागे 2,500 शिलिंग आणि रुग्णालयाला 5,000 ठरले. रुग्णालयात प्रसूती साधी असो वा सिझेरियन, दर एकच. अशा सपाट दरात अवघड केस घेणारे रुग्णालय तोट्यात जाते.

पैसा वाटेत कुठे मुरतो

या विषयात युगांडाचे उदाहरण अजूनही सर्वात उपयोगी आहे. 1991 ते 1995 या काळात शाळांना प्रति विद्यार्थी जे अनुदान केंद्राकडून सुटत होते त्यातले सरासरी फक्त 13 टक्के शाळांपर्यंत पोचत होते. बाकीचे जिल्हा पातळीवर मुरत होते. हे शोधायला काही गुप्त तपास लागला नाही: केंद्राने किती पाठवले आणि मुख्याध्यापकाच्या वहीत किती जमा झाले, एवढेच जुळवून पाहिले. नंतर सरकारने जिल्हानिहाय रकमा वृत्तपत्रांत छापल्या, शाळांना फलकावर लावायला सांगितल्या, आणि 2001 पर्यंत पोचणारा वाटा 80 टक्क्यांवर गेला. सगळे श्रेय वृत्तपत्राला देणे मात्र भाबडेपणाचे आहे. त्याच काळात हा निधी सशर्त अनुदान (ठरलेल्या कामावरच खर्चता येणारा पैसा) झाला आणि हिशेबाची शिस्तही बदलली. माहिती छापणे आणि नियम बदलणे, दोन्ही एकत्र करायचे.

हीच तपासणी करायची तर 50 ते 100 केंद्रे किंवा शाळा चिठ्ठ्या टाकून निवडा. प्रत्येक ठिकाणी रकमेबरोबर तारीखही लिहा, कारण पूर्ण पण पाच महिने उशिरा आलेला पैसा म्हणजे ते सत्र उधारीवर गेले. मालाची नोंद वेगळी घ्या. खडू, पुस्तके, औषधे ‘वस्तुरूपात दिली’ असे दाखवून रोख गाळली जाते.

जिल्हा हा नुसता टपालपेटी नाही

केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेने 47 काउंट्या निर्माण केल्या आणि राष्ट्रीय महसुलाचा किमान 15 टक्के वाटा त्यांना दिला. आरोग्यसेवेचा बराचसा भार त्यांच्याकडे गेला. म्हणजे नैरोबीतून घोषणा होते, पण परिचारिकेचा पगार काउंटी देते. अशा रचनेत परिपत्रक पाठवून काम होत नाही. कोण भरती करणार, कोण खरेदी करणार, उशीर झाला तर तात्पुरता खर्च कोण उचलणार, हे लिखित करारात हवे.

केंद्राने ‘तुम्ही अर्धे घाला, आम्ही अर्धे घालतो’ अशी अट घातली की काय होते ते नायजेरियाच्या मूलभूत शिक्षण निधीत पाहा. 2004 च्या कायद्याप्रमाणे राज्यांनी आपला 50 टक्के वाटा जमा केल्याशिवाय केंद्राचा निधी उचलता येत नाही. परिणाम असा की निधी पडून राहतो, आणि ज्या राज्यांकडे मुळात पैसा नाही ती, म्हणजे ज्यांना गरज सर्वाधिक तीच, मागे पडतात. जुळवणीचा वाटा राज्याच्या ऐपतीनुसार कमी-जास्त ठेवा.

रवांडात 2006 पासून जिल्ह्यांचे महापौर राष्ट्राध्यक्षांबरोबर ‘इमिहिगो’ हा कामगिरी करार करतात. तो चालतो, कारण आकडे मोजके असतात आणि वर्षाअखेर जाब विचारला जातो. नक्कल करताना एक काळजी घ्या: ज्याच्या खुर्चीचा निकाल आकड्यावर लागतो त्याच्याकडूनच तो आकडा घेऊ नका. तपासणी बाहेरच्या माणसांनी, घरोघरी जाऊन, नमुन्यावर करायची.

लाभार्थी यादी

इथियोपियाचा 2005 पासूनचा उत्पादक सुरक्षा जाळे कार्यक्रम (अन्नटंचाई सोसणाऱ्या गरीब घरांना मदत देणारा) गावपातळीच्या समितीकडून यादी करून घेतो आणि दाद मागायला वेगळी समिती ठेवतो. काम करू शकणाऱ्या घराला माणशी महिन्याला पाच दिवस काम, ते करता न येणाऱ्यांना थेट मदत. समितीची निवड स्वस्त पडते, शेजाऱ्याची हालत शेजाऱ्यालाच ठाऊक असते. धोका नातेवाइकांच्या नावांचा. म्हणून कच्ची यादी जाहीर सभेत मोठ्याने वाचून दाखवायची, हरकतीला दोन आठवडे द्यायचे आणि यादी करणाऱ्याला हरकत ऐकायला बसवायचे नाही. वयासारखा एकच निकष ठेवला तर भांडण कमी होते. केनियात 70 वर्षांवरील वृद्धांना महिन्याला 2,000 शिलिंग देण्याची योजना अशीच आहे. तिथे अडचण दुसरीकडे येते: ओळखपत्र नसणे, त्यावर चुकीचे जन्मवर्ष असणे, बोटांचे ठसे न उमटणे. अशांसाठी हाताने नोंद करण्याचा पर्यायी मार्ग पहिल्या दिवसापासून ठेवा.

देणगीदार

थोडक्यात: प्रत्येक देणगीदाराला वेगळा अहवाल, वेगळे खाते, वेगळे प्रकल्प कार्यालय दिले की खात्यातली चांगली माणसे जास्त पगारावर तिकडे जातात आणि मंत्रालय पोकळ होते. एक आराखडा, एक अहवाल एवढा आग्रह धरा. मदत संपण्याच्या किमान दोन वर्षे आधीपासून तिच्यातले पगार टप्प्याटप्प्याने सरकारी वेतनपटावर घ्या. नाहीतर प्रकल्पाच्या शेवटच्या दिवशी वाहने उभी राहतात आणि प्रशिक्षित माणसे निघून जातात.

सुरू झाल्यावर काय पाहायचे

दरमहा पाच आकडे पुरतात: निधी मिळालेली केंद्रे, निधी मिळायला लागलेले दिवस, मुख्य औषध किंवा पुस्तक संपलेली केंद्रे, हजर कर्मचारी, आणि परत पाठवलेले लोक. शेवटचा आकडा कोणीच ठेवत नाही, कारण तो सरकारी नोंदवहीत उमटत नाही. त्यासाठी केंद्राबाहेर दोन सकाळी माणूस बसवा आणि बाहेर पडणाऱ्याला तीनच प्रश्न विचारा: काम झाले का, पैसे द्यावे लागले का, पुन्हा बोलावले का.

पहिल्या तीन महिन्यांत मागणी अंदाजापेक्षा वर जाईल असेच गृहीत धरा आणि राखीव साठा जिल्ह्याच्या गोदामात ठेवा, राजधानीत नको. पावसाळ्यात रस्ता तुटला की राजधानीतल्या साठ्याचा उपयोग नसतो. दुसऱ्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडताना आधी पहिल्या वर्षाची थकबाकी वेगळ्या ओळीत लिहा. ती नव्या तरतुदीत मिसळली तर जुलैमध्ये आलेला पैसा जुनी देणी फेडण्यात जातो आणि ऑक्टोबरमध्ये केंद्रे पुन्हा शुल्क मागू लागतात.