कागदी कप बंद करण्याआधी कप कुठे निथळणार ते ठरवा

कार्यालयातले किंवा एखाद्या मोठ्या बैठकीतले एकदा वापरून फेकायचे कप बंद करायचे ठरले, की पहिली चर्चा कोणता कप घ्यायचा यावर होते, दुसरी खर्चावर आणि तिसरी कप कोण धुणार यावर. धुतलेले कप निथळणार कुठे, हे कोणीच विचारत नाही. आम्हीही विचारले नव्हते, आणि म्हणून सकाळी थाटात सुरू झालेला उपक्रम दुपारच्या चहालाच अडखळला. धुतलेले स्टीलचे पेले जागेअभावी ओलेच एकात एक रचले गेले, ते घट्ट अडकून बसले, जे सुटले त्यांच्या तळाशी पाणी होते, आणि रांगेतल्या माणसांनी ते पाहून निमूटपणे कपाटातले कागदी कप मागून घेतले. पुढची यादी त्यानंतर केलेली आहे. तिच्यात वाळवण्याला जेवढी जागा मिळाली आहे तेवढी कपांच्या रंगाला आणि त्यांवर छापायच्या बोधचिन्हाला मिळणार नाही.

खरेदीच्या आधी मोजणी करावी. आठवडाभरात किती कागदी कप संपतात हे साठ्यावरून कळते, पण खरी माहिती कचऱ्याच्या डब्याजवळ मिळते. किती कप जागेवरच रिकामे होतात, किती बाहेर जातात आणि किती अर्धे भरलेले टाकले जातात, हे तिथेच पाहावे लागते. एकच माणूस दिवसभरात अनेक कप वापरतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा गरज नसते; पहिला कप कुठे ठेवला ते तो विसरलेला असतो. जागेवर रिकाम्या होणाऱ्या कपांसाठी धुऊन वापरायचे सामायिक कप पुरतात. बाहेर जाणाऱ्या कपांसाठी ज्याचा त्याचा कप किंवा अनामत रकमेची पद्धत लागते. या दोन्हींसाठी एकच उपाय शोधत बसू नये.

कागदी कप कागदाचाच असतो, मग अडचण काय, असे कोणीतरी विचारणारच, त्यामुळे उत्तर तयार ठेवावे. त्या कपाच्या आतल्या बाजूला पॉलिएथिलिन या प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर गरम पेयाने कागद काही मिनिटांत लोळागोळा झाला असता. हा थर वजनाने थोडाच असला तरी कागदापासून वेगळा करण्यासाठी खास यंत्रणा लागते, म्हणून असे कप साध्या रद्दीत चालत नाहीत. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले की ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी अशा कपात १५ मिनिटे ठेवले, तर त्या थरातून सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण त्यात उतरतात. एवढी माहिती पुरे. यावर व्याख्यान देऊ नये.

त्यानंतर कोणीतरी ‘कंपोस्ट होणारा’ कप सुचवेल. या कपांत बहुधा पीएलए हे वनस्पतिजन्य प्लॅस्टिक असते, आणि ते कुजायला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातली सुमारे ५८ अंश सेल्सिअसची उष्णता टिकून राहावी लागते. युरोपातील ईएन १३४३२ या मानकाची १२ आठवड्यांत तुकडे होण्याची अट तशाच परिस्थितीसाठी आहे. घरच्या खतखड्ड्यात किंवा साध्या कचराभूमीत ती लागू पडत नाही. हे कप वेगळे गोळा करून तशा प्रकल्पात पोचवण्याची सोय नसेल, तर हा पर्याय यादीतून खोडून टाकावा आणि त्यावर आणखी एक बैठक घेऊ नये. बांबूच्या कपाबाबत तर विशेष सावध राहावे. ‘बांबूचा’ म्हणून विकले जाणारे अनेक कप म्हणजे बांबूची पूड आणि मेलामाइन राळ हे कडक प्लॅस्टिक यांचे मिश्रण असते. अशा कपात ७० अंशांहून गरम पेय ओतल्यास मेलामाइन व फॉर्मल्डिहाइड आरोग्याला धोका पोचेल इतक्या प्रमाणात उतरू शकतात, असा इशारा जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये दिला होता.

उरतात चिनी माती, काच, स्टील आणि पुन्हा वापरता येणारे पॉलिप्रोपिलिन हे प्लॅस्टिक. यांतला कोणताही कप केवळ टिकाऊ आहे म्हणून पर्यावरणपूरक ठरत नाही. तो किती वेळा भरला जातो यावर सगळे अवलंबून असते. कॅनडातील व्हिक्टोरिया विद्यापीठाचे मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला, तेव्हा चिनी मातीच्या कपाला कागदी कपाशी बरोबरी साधायला ३९ वापर लागत होते आणि थर्मोकोलसारख्या फोमच्या कपाशी बरोबरी साधायला १,००६. धुण्याची यंत्रे आणि वीजनिर्मिती त्यानंतर बदलली आहे, त्यामुळे हे आकडे आज जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण त्यांतला मुद्दा कायम आहे. भेट म्हणून वाटलेला आणि खणात पडून राहिलेला कप हा फेकलेल्या कपापेक्षाही महागडा कचरा असतो. म्हणून ज्यांच्याकडे आधीच कप आहेत त्यांना नवे देऊ नयेत. हे वाक्य खरेदी विभागाला लेखी कळवावे.

साहित्य निवडताना सगळे जण वजन, फुटण्याची भीती आणि किंमत पाहतात, ते त्यांना पाहू द्यावे. आपण कप वाळतो कसा ते पाहावे. चिनी मातीचा जाड कप गरम पाण्यातून निघाल्यावर उष्णता धरून ठेवतो आणि त्या उष्णतेनेच बराचसा कोरडा होतो. पॉलिप्रोपिलिनचा हलका कप लगेच गार पडतो, त्यामुळे यंत्रातून बाहेर आल्यावरही त्यावर थेंब तसेच राहतात. एकेरी पत्र्याचा स्टीलचा पेला लवकर वाळतो, पण गरम पेयाने बोटे आणि ओठ भाजतात. दुहेरी पत्र्याचा घ्यावा, आणि तो घेताना दोन थरांच्या जोडातून आत पाणी शिरत नाही ना, हे तपासावे. काच घ्यायचीच असेल तर उष्णता सोसणारी घ्यावी.

नमुन्याचा कप आला की तो हातात घेऊन चर्चा करण्याऐवजी नळाखाली भिजवावा आणि पालथा घालावा. बहुतेक कपांच्या बुडाला कडे असते आणि त्याच्या आत खोलगट भाग असतो. कप पालथा घातला की तो भाग वर येतो आणि त्यात पाण्याचे डबके साचते, आणि कप सुलटा करताक्षणी ते पाणी शेजारच्या कोरड्या कपांवर सांडते. काही कपांच्या कड्याला एकदोन खाचा ठेवलेल्या असतात आणि पाणी त्यांतून वाहून जाते. एकात एक बसणारे पेले घेतले तर त्यांच्या अंगावर आतून किंवा बाहेरून एखादी पायरी असावी, म्हणजे दोन पेल्यांत हवा खेळते आणि ते चिकटून बसत नाहीत. खाचेचा आणि पायरीचा हा तपशील दुकानदार आपणहून सांगत नाही. आपण पाहायचा.

आता किती कप घ्यायचे. शंभर माणसांसाठी शंभर कप, हा हिशेब चुकीचा आहे. पहिल्या वेळचे शंभर कप गोळा होत, धुतले जात आणि निथळत असताना दुसरी वेळ येते, आणि काही माणसे पहिला कप मेजावर ठेवून दुसरा घ्यायला येतातच. दोन वेळांत अंतर कमी असेल तर माणसांच्या दुप्पट कप आणि वर थोडे जास्त, असेच धरून चालावे. कप वाळायला लागणारा वेळ हवेतल्या दमटपणानुसार बदलतो, म्हणून चाचणी कोरड्या दिवशी न करता दमट दिवशी करावी. कोरड्या दिवशी सगळेच जमते.

आणि ही जागा. पुन्हा सांगतो, कारण यादी वाचणारा नेमके हेच वाक्य ओलांडून जातो. तोंडाशी आठ सेंटिमीटर रुंद असलेला कप मोकळी हवा ठेवून पालथा घातला, तर त्याला साधारण दहा सेंटिमीटर लांबीरुंदीची चौकट लागते, म्हणजे शंभर कपांना एक चौरस मीटर जाळी लागते. ती एक चौरस मीटर जागा आजच फिरून शोधावी आणि तिथे दुसरे कोणी सामान ठेवणार नाही अशी व्यवस्था करावी. ओट्याच्या सपाट फरशीवर पालथे घातलेले कप वाळत नाहीत. काठ फरशीला चिकटतो, आतली वाफ आतच कोंडते, आणि दुसऱ्या दिवशी कपाला कुबट वास येतो. खाली टॉवेल अंथरणे हा त्याहून वाईट उपाय आहे, कारण मग काठ ओल्या कापडावर टेकून राहतात. जाळीच हवी, जाळीखाली पाणी वाहून नेणारे उतरते ताट हवे, आणि वरून हवा खेळती हवी. शक्य असेल तिथे पंखा लावावा.

घाई झाली की कोणीतरी फडके घेऊन कप पुसायला लागतो. त्याला थांबवावे. एकाच फडक्याने शंभर कप पुसणे म्हणजे एका कपावरचे जंतू उरलेल्या नव्व्याण्णवांना वाटणे होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या आदर्श अन्नसंहितेतही निर्जंतुक केलेली भांडी हवेवरच वाळवावीत, असे सांगितले आहे. जाळ्या दोन ठेवाव्यात, ओल्यांची आणि कोरड्यांची, आणि ओल्या जाळीवरचा कप कोरड्या जाळीवर नेण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा. दोन्ही कप एकत्र मिसळले की सगळेच ओले समजावे लागतात. जागा नसेल तर उपक्रम पुढे ढकलावा. जागेविना सुरू करू नये.

धुण्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर उरलेले पेय आधी बादलीत ओतावे, मग साबणाने धुवावे, मग स्वच्छ पाण्याने खंगाळावे आणि शेवटी निर्जंतुक करावे. त्याच संहितेनुसार हाताने धुताना गरम पाण्याने निर्जंतुक करायचे असेल, तर पाणी किमान ७७ अंश सेल्सिअसचे असावे आणि भांडे त्यात ३० सेकंद बुडालेले राहावे. नळाखाली विसळणे म्हणजे धुणे नव्हे. काठावरचा ओठांचा रंग यंत्रातही पुष्कळदा जात नाही, तो हातानेच घासावा लागतो, आणि तसा एक जरी कप कोणाच्या हातात गेला तर दहा जण सामायिक कपाकडे फिरकत नाहीत.

स्वच्छतेच्या शंकेला हसू नये. फेकायचा कप मुळात त्याच शंकेतून आला. एकाच पेल्याने सर्वांनी पाणी पिण्याच्या पद्धतीतून क्षयासारखे रोग पसरतात, या भीतीने अमेरिकेतील कॅन्सस राज्याने १९०९ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या सामायिक पेल्यावर बंदी घातली, आणि कागदी कपाचा खप तिथून वाढला. शंभर वर्षांहून जुनी ही धास्ती एका फलकाने जाणार नाही. हातात आलेला कप कोरडा, चकचकीत आणि गंधहीन असला तरच ती ओसरते. जाळीचा विषय इथेही आलाच.

सवयी बदलण्यासाठी लोक भित्तिपत्रके लावतात. लावावीत, पण त्यांच्यावर विसंबू नये. कार्डिफ विद्यापीठातील वाउटर पोर्टिंगा व लुईझ व्हिटेकर यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की स्वतःचा कप आणणाऱ्याला सूट दिल्याने काही फरक पडला नाही, मात्र फेकायच्या कपासाठी वेगळे पैसे आकारल्यावर पुन्हा वापरायच्या कपांचे प्रमाण वाढले. मिळणाऱ्या पैशापेक्षा जाणारा पैसा माणसाला जास्त खुपतो. पैसे आकारता येत नसतील तर निदान कागदी कप नजरेआड ठेवावेत आणि मागितल्यावरच द्यावेत; मागण्याचा संकोच बरेच काम करतो. जे स्वतःचा कप आणतात त्यांच्यासाठी कप टांगायला नाव लावलेले आकडे असावेत, आणि त्या आकड्यांना टांगलेला कप निथळेल असा असावा, कारण ओला कप खणात ठेवला की तो दोन दिवसांत वास मारतो आणि मालक पुन्हा कागदी कपाकडे वळतो. काउंटरवर कोणाचाही कप भरताना तो एका मगात किंवा ताटलीत ठेवून पुढे घ्यावा, म्हणजे वाढणाऱ्याचा हात त्याला लागत नाही.

बाहेर जाणाऱ्या कपांसाठी अनामत. जर्मनीतील फ्रायबुर्ग शहराने २०१६ मध्ये एक युरो अनामतीचा कप सुरू केला, जो शहरातल्या कोणत्याही सहभागी दुकानात परत करता येत असे. १ जानेवारी २०२३ पासून त्या देशात बाहेर नेण्याच्या पेयासाठी पुन्हा वापरता येणाऱ्या भांड्याचा पर्याय ठेवणे बहुतेक विक्रेत्यांना बंधनकारक आहे. अनामत इतकी असावी की कप परत करावासा वाटेल, आणि इतकी नसावी की घेतानाच माणूस बिचकेल. परत करायच्या जागा दरवाजाजवळ आणि जिन्याजवळ हव्यात, स्वयंपाकघरात नकोत.

बाकीचे पटापट. उष्टे कप गोळा करायला खण असलेला क्रेट घ्यावा. झाकणे मोजून वेगळी धुवावीत, रबरी कडे काढून. पाहुण्यांसाठी काही कप बाजूला ठेवावेत. उरलेले कागदी कप ‘अडीअडचणीला’ म्हणून कपाटात ठेवू नयेत, ज्यांना लागतात त्यांना देऊन टाकावेत, कारण ती अडीअडचण दुसऱ्याच दिवशी येते. सुरुवातीच्या आठवड्यात एक माणूस फक्त जाळीपाशी उभा करावा. महिन्याने कप मोजावेत; जे कमी भरतील ते आधी खणांत, मग गाड्यांत शोधावेत आणि त्यानंतरच नवे मागवावेत.