घरच्या हौदात वॉटर लिली लावताना या चुका टाळा

पाने भरपूर येतात, हौद हिरवागार दिसतो, पण फूल मात्र एकही नाही, ही वॉटर लिली लावणाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. त्याखालोखाल दुसरी तक्रार अशी, की रोपवाटिकेतून आणलेले सशक्त रोप पंधरा दिवसांत पिवळे पडले आणि महिन्याभरात नाहीसे झाले. दोन्ही वेळा आपण आधी पाण्याकडे पाहतो, पाणी बदलतो, त्यात काही औषध टाकावे का असे विचारतो. खरे कारण मात्र बहुतेक वेळा पाण्याखालच्या कुंडीत, तिच्यातल्या मातीत आणि गड्डा ज्या रीतीने लावला गेला त्या रीतीत असते. वॉटर लिली पाण्यात राहत असली, तरी तिचे पोट मातीवर भरते आणि फूल उन्हावर येते. हे ध्यानात घेऊन हौदाकडे पाहिले, की चूक कोठे झाली ते बऱ्याचदा लगेच दिसते.

कमळ समजून केलेली खरेदी

पाण्यात फुलणाऱ्या कोणत्याही मोठ्या फुलाला आपल्याकडे कमळ म्हटले जाते आणि गोंधळाची सुरुवात तेथेच होते. आपल्याकडचे खरे कमळ म्हणजे नेलुंबो न्युसिफेरा. त्याची मोठी पाने देठावर पाण्याच्या वर उभी राहतात, ती ताटासारखी अखंड गोल असतात आणि त्यांवर पाण्याचा थेंब ठरत नाही. वॉटर लिली, म्हणजे आपले कुमुद, ही निम्फिया या वेगळ्या प्रजातीतली वनस्पती असून तिचे पान पाण्यावर पसरते आणि त्याला कडेपासून देठापर्यंत कापल्यासारखी खाच असते. कोवळ्या कमळाची पहिली पानेही तरंगतात, त्यामुळे रोप घेताना केवळ तरंगणे पाहू नये, खाच पाहावी.

या गोंधळाचा फायदा घेऊन ‘नीलकमळाच्या बिया’ विकल्या जातात. खरे कमळ गुलाबी, पांढरे किंवा पिवळे असते. निळे कमळ अस्तित्वातच नाही, आणि ज्याला आपण नीलकमळ म्हणतो ती निळी वॉटर लिली आहे. बागेतल्या तिच्या बहुतेक जाती संकरित असल्यामुळे त्यांना बी क्वचितच धरते, आणि धरले तरी त्यातून तेच फूल मिळण्याची खात्री नसते. म्हणून बियांच्या पाकिटावर पैसे घालवू नयेत. गड्डा, कंद किंवा मुळे फुटलेले रोपच घ्यावे.

साताऱ्याजवळच्या कास पठारालगतचा कुमुदिनी तलाव पाहून आलेल्या अनेकांना तेच फूल घरी हवे असते. त्या तळ्यातली झालरीसारख्या पाकळ्यांची लहान पांढरी फुले निम्फॉइडिस इंडिकाची आहेत. तिची पाने वॉटर लिलीसारखी दिसतात, पण ती निराळ्या कुळातली वनस्पती आहे. तेथून किंवा कोणत्याही नैसर्गिक तळ्यातून रोप उपटून आणणे हा त्या जागेवर अन्याय आहे, आणि असे रोप घरच्या टबात सहसा रुळतही नाही.

दिवसा फुलणारी की रात्री फुलणारी

‘कळ्या येतात, पण फूल उमललेले कधी दिसत नाही’ असे कोणी सांगितले, की मी पहिला प्रश्न विचारतो, तुम्ही हौदाकडे किती वाजता जाता? वॉटर लिलीच्या दिवसा फुलणाऱ्या जाती साधारण सकाळी आठ-नऊनंतर उघडतात आणि दुपार कलली की मिटतात. रात्री फुलणाऱ्या जाती तिन्हीसांजेला उमलून दुसऱ्या दिवशी दहा-अकरापर्यंत टिकतात. जुन्या काव्यात चंद्र उगवल्यावर कुमुद फुलते ते या दुसऱ्या गटाच्या वागण्यावरून. सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या माणसाने दिवसा फुलणारी जात लावली, तर त्याला फुले केवळ रविवारीच दिसणार. त्याने रात्री फुलणारी लाल किंवा पांढरी जात घ्यावी. एक फूल तीन ते चार दिवस उघडझाप करते आणि मग पाण्याखाली ओढले जाते, हेही नव्या माणसाला माहीत नसते आणि फूल ‘गळाले’ म्हणून तो घाबरतो.

ऊन

येथे तडजोड चालत नाही. रोज पाच ते सहा तास थेट ऊन मिळाले तरच फुले येतात. आंब्याखालच्या, इमारतीच्या सावलीतल्या किंवा उत्तरेकडच्या गॅलरीतल्या टबात पाने येतील, फुले येणार नाहीत, आणि खत वाढवून ही उणीव भरून निघत नाही. जागा खरोखरच अडचणीची असेल, तर ‘डॉबेन’सारखी तीन-चार तासांच्या उन्हावर भागवणारी लहान जात लावावी. शिवाय झाडाखाली पानगळ पाण्यात कुजते, तो त्रास वेगळा.

माती आणि गड्ड्याचा शेंडा

सर्वांत जास्त रोपे येथे मरतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. माझा पहिला टब मी गच्चीवरच्या इतर कुंड्यांसारखाच भरला होता: कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी माती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर तपकिरी भुशाचा जाड थर आला होता आणि त्यात रोप मुळांसकट आडवे तरंगत होते. भुसा गाळून काढला, रोप पुन्हा दाबून बसवले, वर शेणखताचा हात दिला. आठ दिवसांत पाणी काळपट झाले, कुंडीला हात लागला की बुडबुडे येऊन कुजकट वास सुटू लागला. एक पान हलकेच ओढले तर देठ विनासायास हातात आला. त्याचे खालचे टोक काळे आणि बुळबुळीत झाले होते. गड्डा पूर्ण सडला होता.

कोकोपीट आणि भुसभुशीत मिश्रणे पाण्यात तरंगतात, तर अर्धवट कुजलेले सेंद्रिय खत पाण्याखाली हवेविना सडते आणि गड्ड्यालाही सडवते. वॉटर लिलीला लागते ती जड, चिकण, गाळाची माती. नदीकाठचा पोयटा मिळाला तर उत्तम. नाहीतर काळ्या मातीत थोडी लाल माती मिसळून, खडे आणि काड्या काढून वापरावी. कुंडी खोल नको, पसरट हवी. बारा ते पंधरा इंच रुंद आणि सहा ते आठ इंच खोल प्लॅस्टिकचे घमेले पुरते. भोके असतील तर आतून जुने सुती कापड अंथरावे. माती आधी भिजवून, दाबून, तिच्यातली हवा काढून मगच रोप लावावे आणि वर अर्धा-एक इंच धुतलेल्या जाड रेतीचा थर द्यावा. त्यामुळे माती उठत नाही आणि माशांनाही ती उकरता येत नाही.

लावण्याची रीत जातीवर ठरते. हार्डी, म्हणजे थंडी सोसणाऱ्या, म्हणून विकल्या जाणाऱ्या जातींचा गड्डा आल्यासारखा आडवा वाढतो. तो कुंडीच्या कडेला, शेंडा मध्याकडे करून, किंचित तिरका बसवावा, म्हणजे त्याला पुढे सरकायला सगळी कुंडी मिळते. मध्यभागी लावला तर तो काही महिन्यांत काठाला टेकतो आणि फुले थांबतात. ट्रॉपिकल, म्हणजे उष्ण हवेतल्या, जातींचा कंद अक्रोडासारखा गोल असतो आणि त्यातून आलेले रोप मात्र मध्यभागीच लावावे. दोन्हींत एक नियम कधीही मोडू नये: जेथून पाने फुटतात तो शेंडा मातीच्या किंवा रेतीच्या खाली गाडला जाता कामा नये. रोप तरंगू नये म्हणून आपण ते खोल दाबतो आणि नेमके तेथूनच सडणे सुरू होते. तरंगण्याची भीती असेल तर मुळांच्या बाजूला एक चपटा दगड ठेवावा.

सड लागलेला गड्डा हाती आला, तर तो धुऊन मऊ भाग धारदार सुरीने कापत जावे. आत पांढरा, टणक भाग आणि एखादा कोंब उरला असेल, तर नव्या मातीत, दोन-तीन इंच पाण्यात तो वाचू शकतो. जुनी माती मात्र टाकून द्यावी.

एकदम खोल पाणी

लहान रोप थेट दोन फूट पाण्याच्या तळाशी ठेवले, तर त्याची शिल्लक ताकद पान वर पोहोचवण्यातच संपते. सुरुवातीला शेंड्यावर तीन-चार इंच पाणी पुरे. कुंडीखाली विटा ठेवाव्यात आणि पाने जोमाने येऊ लागली की एकेक वीट काढावी. पुढे ट्रॉपिकल जातींना सहा इंच ते एक फूट आणि मोठ्या हार्डी जातींना दीड फुटापर्यंत पाणी चालते. कुरियरने आलेल्या रोपाची जुनी पाने पहिल्या आठवड्यात पिवळी पडतात. ती कापावीत आणि नव्या पानाची वाट पाहावी.

खत पाण्यात टाकणे

खत पाण्यात विरघळले की ते आधी शेवाळाला मिळते. वॉटर लिली खादाड आहे, हे खरे. पण तिला खत मातीत, मुळांशीच द्यावे. जलवनस्पतींसाठीच्या गोळ्या मिळाल्या तर त्या बोटाने मातीत खोल खुपसाव्यात. नसतील तर १०:२६:२६ सारखे दाणेदार खत, मोठ्या घमेल्याला चहाचा एक चमचा या मापाने, कागदाच्या पुडीत बांधून शेंड्यापासून दूर, तीन-चार इंच खोल पुरावे आणि वरून माती दाबावी. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा हे पुरे होते. पुडी सुटून खत पाण्यात गेले, तर त्यातल्या अमोनियाने मासे दगावतात, त्यामुळे मासे असलेल्या हौदात हात आखडताच ठेवावा.

हिरवे पाणी पाहून हौद उपसणे

नवा हौद दोन-तीन आठवड्यांत हिरवा होतो. तो हिरवा रंग सूक्ष्म शेवाळाचा असतो आणि पाने पृष्ठभाग झाकेपर्यंत तो राहणारच. घाईने हौद उपसून नळाचे ताजे पाणी भरले, की शेवाळाला नवे क्षार मिळतात आणि आठवड्याभरात पाणी पूर्वीपेक्षा अधिक हिरवे होते; रोपाला मात्र प्रत्येक वेळी धक्का बसतो. यावर उपाय सावलीचा आहे. पृष्ठभागाचा साधारण साठ टक्के भाग पानांनी झाकला गेला, की शेवाळाचे ऊन तुटते आणि पाणी निवळते. तोवर तंतूंचे शेवाळ काठीला गुंडाळून काढावे, पिवळी पाने आणि सरलेली फुले देठासह तळाशी कापून बाहेर काढावीत. उन्हाळ्यात पाणी आटते तेव्हा रोज थोडे घालावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवले तर क्लोरीन उडून जाते.

याच्या उलट चूक जलपर्णी सोडण्याची आहे. ती पाणी लवकर निवळते, म्हणून कोणी तरी दोन रोपे देतो आणि महिन्यात हौद तिने भरतो. मग ती उपसून ओढ्यात टाकली जाते. पुण्यात पवना, मुळा-मुठा आणि इंद्रायणीचे पात्र या एका वनस्पतीने कसे झाकले जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याने ती घरात आणू नये.

सिमेंटचा हौद नवा असेल तर अडचण वेगळीच असते. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होते आणि पाने पिवळी पडून रोप खुंटते. हौद भरून आठवडाभर ठेवावा आणि रिकामा करावा, असे तीन वेळा करूनच रोपे सोडावीत. कारंज्याचाही मोह आवरावा, कारण वॉटर लिलीला स्थिर पाणी लागते. पानांवर सतत तुषार पडत राहिले तर पाने कुजतात आणि कळ्या बसतात. कारंजे हवेच असेल तर ते दुसऱ्या टोकाला, लहान धारेचे ठेवावे.

कीड आणि मासे

पानावर आणि कळीच्या देठावर काळपट मावा दाटून बसला, की हात कीटकनाशकाकडे जातो. मासे असलेल्या पाण्यावर ते कधीही फवारू नये. पाण्याच्या जोरदार धारेने मावा खाली पाडला तर मासेच तो खातात. पानांतून लंबगोल तुकडे कापलेले दिसले, तर पाण्यावर तरंगणारे तसेच तुकडे शोधावेत. दोन तुकडे एकमेकांना चिकटवून त्यांच्या मध्ये एक अळी राहते; असे तुकडे जाळीने वेचून काढले, की आठवड्यात प्रादुर्भाव आटोक्यात येतो. मोठ्या गोगलगायी आणि पानांखालच्या त्यांच्या अंड्यांचे पुंजके हातानेच काढावेत.

साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, म्हणून मासे नसलेला हौद किंवा टब ठेवूच नये. लहान टबाला पाच-सहा गप्पी मासे पुरतात, आणि अनेक ठिकाणी आरोग्य विभागाकडूनही ते मिळतात. कोई मासे मात्र टाळावेत. ते माती उकरतात, कोवळी पाने खातात आणि कुंडी उलथवतात.

हिवाळ्यात फेकून दिलेले रोप आणि दाटलेली कुंडी

पुणे, नाशिक किंवा विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठल्या, की ट्रॉपिकल जातींची पाने लहान होतात, फुले थांबतात, कधी रोप पूर्ण नाहीसे होते. ते मेले असे समजून कुंडी रिकामी केली जाते, तेव्हा मातीत टणक कंद असतात. या काळात खत बंद करावे, कुंडी पाण्यातच राहू द्यावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंब फुटतात. मुंबई-कोकणात ही विश्रांती इतकी ठळक नसते. पावसाळ्यात सलग ढग राहिले की फुले कमी होतात, त्यावर काही उपाय नाही आणि तो शोधूही नये.

दोन वर्षे एकाच कुंडीत राहिलेली लिली आपण होऊन सांगते: पाने पाण्यावर पसरण्याऐवजी एकमेकांना रेटून वर उभी राहतात आणि फुले लहान होत जातात. अशा वेळी फेब्रुवारीच्या अखेरीस कुंडी बाहेर काढून गड्डा धुवावा, शेंड्याकडचा पाच-सहा इंचांचा टवटवीत भाग ठेवावा आणि जुना, काळवंडलेला भाग काढून टाकावा. काही ट्रॉपिकल जातींच्या पानावर, देठ जोडला जातो त्याच जागी, छोटे रोप उगवते. ते मुळांसकट अलग करून पसरट वाडग्यात, दोन इंच पाण्याखालच्या मातीत लावावे. उरलेले गड्डे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातले तर चार-पाच दिवस सहज टिकतात, एवढ्या वेळात ते शेजारी किंवा नातेवाइकांकडे पोहोचवता येतात. गावच्या तळ्यात किंवा नदीत मात्र ते सोडू नयेत.