कॉक्लिअर इम्प्लांटपूर्वी उरलेली श्रवणशक्ती जपण्याची औषधयोजना

बारीक, उंच स्वर ऐकू येत नाहीत, पण ढोलाचा ठोका किंवा ट्रकची घरघर यांसारखे खर्जातले आवाज अजून कळतात, अशा रुग्णाने कॉक्लिअर इम्प्लांटच्या, म्हणजे आंतरकर्णात तार सरकवून ऐकण्यासाठीचे उपकरण बसवण्याच्या, शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधीच सर्जनशी औषधांविषयी बोलून घ्यावे. हे उरलेले ऐकणे टिकले, तर खालच्या स्वरांसाठी श्रवणयंत्र आणि वरच्या स्वरांसाठी इम्प्लांट, असा दोहोंचा उपयोग एकाच कानात करता येतो.

इलेक्ट्रोडची तार शंखाकृती आंतरकर्णात सरकवताना आतल्या नाजूक पडद्यांना इजा झाली, तर तेथे दाह होतो आणि पुढे तंतुमय ऊती वाढू शकते. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर टिकलेले ऐकणे काही महिन्यांनी कमी झाल्याचेही आढळते. हा दाह आवरण्यासाठी डेक्सामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइड्स वापरतात. ती गोळीने किंवा शिरेतून देता येतात, कानाच्या पडद्यातून मध्यकर्णात टोचता येतात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी आंतरकर्णाच्या गोल गवाक्षावर (मध्यकर्ण आणि आंतरकर्ण यांमधील पातळ पडद्याच्या खिडकीवर) थेंबांनी सोडता येतात. कोणती पद्धत, किती मात्रा आणि किती दिवस, याबाबत सगळ्या सर्जनांचे एकमत नाही. म्हणून आपल्यासाठी ठरलेली योजना लिहून मागावी.

मधुमेह असल्यास ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण पोटातून किंवा शिरेतून घेतलेल्या स्टेरॉइडने रक्तातील साखर झपाट्याने वाढते. घरी साखर किती वेळा तपासायची आणि इन्सुलिन किंवा गोळ्यांच्या मात्रेत काय बदल करायचा, हे आपल्या मधुमेहतज्ज्ञाकडून आधीच ठरवून घ्यावे. उच्च रक्तदाब, पोटातील व्रण, काचबिंदू, पूर्वीचा क्षयरोग आणि सुरू असलेली प्रत्येक गोळी, अगदी आयुर्वेदिक काढासुद्धा, डॉक्टरांच्या कानावर घालावी. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके कानाला इजा करू शकतात, हेही ध्यानात असू द्यावे. मेंदूच्या आवरणाचा दाह करू शकणाऱ्या न्यूमोकोकस जंतूची लस शस्त्रक्रियेपूर्वी किमान दोन आठवडे घेण्याचा सल्ला असतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या शक्यतो सकाळी जेवणानंतर घ्याव्यात आणि त्या मनाने बंद करू नयेत.

औषध मात्र अर्धेच काम करते. गवाक्षातून मऊ इलेक्ट्रोड हळूहळू सरकवणे आणि रक्त किंवा हाडाचा भुगा आत शिरू न देणे, हे सर्जनच्या हातात असते. शस्त्रक्रियेपूर्वी १२५, २५० आणि ५०० हर्ट्झ या खर्जातल्या स्वरांची ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून तिची प्रत जवळ ठेवावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाचणीशी ती ताडून पाहता येईल.