बरगडीवरून प्रजाती ठरवू नका: सायरेनियाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

सायरेनिया म्हणजे पाण्यात राहून वनस्पती खाणारे सस्तन प्राणी, ज्यांना समुद्रगायी म्हणतात. मॅनाटीच्या आज हयात असलेल्या तीन प्रजाती, ड्युगाँगची एक, आणि हत्ती व हायरॅक्स (सशाएवढा एक लहान सस्तन प्राणी) हे जमिनीवरचे जवळचे आप्त, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. खरी दमछाक जीवाश्मांपाशी होते. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला, आणि तो थकवा अजून आठवतो.

या प्राण्यांच्या बरगड्या जाड, भरीव आणि जड असतात. ते वजन शरीराला पाण्याखाली राहायला मदत करतं. मेल्यानंतरही हीच हाडं टिकतात, म्हणून हाती येतात ते बहुधा बरगड्यांचेच तुकडे. तुकडा उचलताक्षणी वजनावरून कळतं की हा सायरेनियाचा. लगेच पुढचं नाव लिहायचा मोह होतो. तिथेच हात आवरा. असा भरीवपणा मॅनाटीत आहे, ड्युगाँगात आहे, आणि जमैकात सापडलेल्या, चार पायांनी जमिनीवरही चालू शकणाऱ्या पेझोसायरन या अतिप्राचीन सायरेनियामध्येसुद्धा आहे. म्हणजे सुमारे 5 कोटी वर्षांचा पसारा, आणि बरगडी सगळीकडे तेच सांगणार. ‘सायरेनिया, प्रजाती अनिश्चित’ असं लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही.

नाव ठरतं ते कवटी आणि दातांवरून. मॅनाटीच्या दाढा जबड्यात मागून उगवतात, हळूहळू पुढे सरकतात आणि झिजून गळतात. हा क्रम आयुष्यभर चालतो. ड्युगाँगात असं होत नाही. त्याचं तोंड समुद्रतळाच्या गवतासाठी खाली बरंच वाकलेलं असतं, आणि प्रौढ नराचे सुळे बाहेर दिसतात. स्टेलरची समुद्रगाय ही सायरेनियातलीच, आता नामशेष झालेली प्रजाती; तिला तर दातच नव्हते. 1741 मध्ये तिची शास्त्रीय नोंद झाली आणि 1768 पर्यंत ती संपलीसुद्धा. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

पण दातांचाही नियम आंधळेपणाने लावू नका. कोलंबियातला मायोसीन काळचा (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीचा) पोटामोसायरन मॅनाटीच्याच कुळात धरला जातो, तरी त्याच्यात दाढांची अशी न संपणारी रांग नाही. त्याच कुळातल्या रिबोडॉन या दुसऱ्या जीवाश्म प्राण्यात ती दिसते.

इंटरनेटवरचे तयार वंशवृक्ष पाठ करणं हा जवळचा रस्ता मला मुळीच पटत नाही. जुन्या लेखांत ठिकठिकाणी ‘हॅलिथेरियम’ हे एका जीवाश्म सायरेनियाचं नाव भेटेल. त्याची मूळ प्रजाती एकाच दातावर उभी होती, आणि 2014 मध्ये ते नाव संशयास्पद ठरवलं गेलं. वंशवृक्षात ते दिसलं, तर त्यामागे नेमकं कोणतं हाड आहे ते आधी शोधा.

मार्गदर्शक निवडताना मी एवढंच बघेन: ‘हे कशाचं हाड?’ याच्या आधी ‘या हाडावरून काय सांगता येणार नाही?’ असं ते विचारतात का. असं माणूस मिळालं तर त्यांना सोडू नका.

सुरुवातीला सगळ्या कवट्या सारख्याच भासतील. घाबरू नका, नजर बसते. संग्रहालयात मॅनाटी आणि ड्युगाँगच्या कवट्या शेजारी ठेवून स्वतःच्या हाताने चित्रं काढा. जीवाश्मांचा कप्पा त्यानंतरच उघडा.