दारी झुलणारा हत्ती आणि लिदीची बाटली

प्राणिशास्त्राची पदवी हाती आल्यावर मला हत्तींवर संशोधन करायचे आहे असे मी घरी सांगितले, तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे आता आपल्या दारी हत्ती झुलणार!" लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत सायकल ठेवायलाही जागा नव्हती, त्यामुळे हा विनोद बरेच दिवस पुरला. दारी हत्ती झुलणे हे आपल्याकडे वैभवाचे लक्षण मानले जात असले, तरी साखळदंडाने बांधलेल्या हत्तीचे तासन्‌तास एका लयीत डुलणे ही पाळीव हत्तींमध्ये आढळणारी वर्तनविकृती आहे, हे मला पुढे अभ्यासातून कळले. लहानपणी एका देवळाबाहेर डुलणारा हत्ती पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. ती आठवण आजही टोचते.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या मुंबईकर विद्यार्थ्यांना मी सांगते की सुरुवातीला जंगल गाठण्याची घाई करू नका, वही घ्या आणि राणीच्या बागेत जा. कोणताही एक प्राणी निवडून दोन तास, दर पाच मिनिटांनी, तो त्या क्षणी काय करतो आहे एवढेच टिपायचे. 'चिडला' असे लिहायचे नाही, 'कान ताठ केले, सोंड आत वळवली' असे लिहायचे. हे वाटते तितके सोपे नाही. हत्तीचे कान हलणे हे बहुतेक वेळा रागाचे नव्हे, अंगातली उष्णता बाहेर टाकण्याचे साधन असते. कानांच्या मागच्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतले रक्त वाऱ्याने थंड होते. पहिल्या दिवशीच निष्कर्ष लिहिणाऱ्याच्या वहीत अशा ठिकाणी हमखास चूक सापडते.

फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसचा, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयाचाही उपयोग करून घ्यावा. ही सोसायटी 1883 साली स्थापन झाली आणि तिच्या संशोधकांनी तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात हत्तींचा दीर्घकाळ अभ्यास केला. शिक्षणाचे म्हणाल तर ज्यांना हत्तींच्या आरोग्यात रस आहे त्यांनी 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन पशुवैद्यकाची पदवी घ्यावी. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचे आहे. वर्तन आणि परिसंस्था यांत रस असणाऱ्यांसाठी देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र (एनसीबीएस) येथे वन्यजीवशास्त्राचे एमएस्सी अभ्यासक्रम आहेत. दोन्हीकडे संख्याशास्त्र टाळता येत नाही, म्हणून ते आधीच शिकून घ्या.

माझे पहिले प्रत्यक्ष काम सिंधुदुर्गात, तिलारीच्या खोऱ्यात होते. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्ग परिसरात उतरले आणि तेव्हापासून माड, पोफळी, केळी यांचे नुकसान हा तिथला रोजचा विषय झाला. हत्ती दिसेल या आशेने मी गेले होते, पण पहिले कित्येक दिवस मला दिसली ती फक्त त्याची लीद आणि त्याची पावले. पुढच्या पावलाच्या ठशाचा परीघ दुप्पट केला की खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ अचूक मिळते. ओढ्याच्या चिखलात टेप टाकून मी 130 सेंटीमीटर मोजले आणि न पाहिलेला सुमारे 260 सेंटीमीटर उंचीचा नर डोळ्यांसमोर उभा राहिला, तो क्षण मला अजून आठवतो.

लिदीचे महत्त्व नवख्यांना पटकन पटत नाही. हत्तीवर ताण आहे का, हे रक्तातल्या संप्रेरकांवरून कळू शकते, पण रक्त काढण्यासाठी हत्तीला पकडले किंवा बेशुद्ध केले की त्या प्रकारानेच त्याचा ताण वाढतो. लिदीत मात्र आदल्या एक-दोन दिवसांतल्या ताणाची नोंद हत्तीला हातही न लावता मिळते, शिवाय डीएनए आणि आतड्यांतल्या परजीवींची अंडीही हाती येतात. अट एकच, लीद ताजी हवी, कारण जिवाणू त्यातली संप्रेरके बदलत राहतात आणि पाऊस उरलेले काम पुरे करतो.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडून जी चूक झाली ती तपशिलाने सांगते. अल्कोहोल भरलेल्या अकरा नळ्यांवर मी मार्करने क्रमांक घातले होते. एका नळीचे झाकण सैल राहिले, पिशवीत अल्कोहोल सांडले आणि संध्याकाळी पाहते तो सगळे क्रमांक पुसलेले! कुठला नमुना कुठल्या दिवसाचा, हे सांगण्याचा कोणताच मार्ग उरला नव्हता. अकराही नमुने टाकावे लागले. तेव्हापासून मी शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीच्या आत टाकते, कारण पेन्सिलीतले ग्रॅफाइट अल्कोहोलमध्ये विरघळत नाही.

परवानग्यांसाठी भरपूर वेळ राखून ठेवा. हत्ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे, त्यामुळे लीद उचलण्याचे कामही वनखात्याच्या लेखी परवानगीनेच करावे. माझा एक अर्ज एका सहीअभावी पावसाळाभर अडकला होता आणि तोवर माझा हंगाम संपला. पाळीव हत्तींबरोबर काम करणार असाल तर स्वतःची क्षयरोगाची तपासणी करून घ्या. हा रोग माणसाकडून हत्तीला होऊ शकतो, हे अनेकांच्या गावीही नसते.

शेतकऱ्यांशी बोलणे हा या अभ्यासातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवला जात नाही. ज्यांचे वीस वर्षांचे माड एका रात्रीत आडवे झाले, त्यांच्यापुढे संवर्धनाचे भाषण करू नये. एका काकांनी माझ्या हातातली पिशवी पाहून विचारले होते, "लीद कित्याक व्हरतस? व्हरूचो तर हत्तीच व्हर!" (लीद कशाला नेतेस? न्यायचा तर हत्तीच ने!) मी काहीच उत्तर दिले नाही. त्यांच्याबरोबर बागेत फिरून पडलेल्या पोफळी मोजल्या आणि भरपाईच्या अर्जासाठी त्यांची नोंद करून दिली. पुढच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला त्यांचाच फोन आला, "ताजी आसा. बेगीन ये."