घाट उतरण्याआधी ब्रेक ऑइलकडे पाहा

कुटुंबाची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मुळातच जड असते, आणि त्यात सात माणसे, टपावरचे सामान व मूळ मापापेक्षा मोठे टायर आले की तेच ब्रेक अपुरे पडू लागतात. तरीही मोठ्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, खर्च करण्याआधी ब्रेक ऑइल बदलावे, असे माझे ठाम मत आहे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि आंबोली किंवा ताम्हिणीसारख्या घाटाच्या लांब उतारावर ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे आणि त्याच वेळी चारही चाकांच्या ब्रेकमधील हवा काढून घ्यावी. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र त्यात कधीही मिसळू नये.

त्यानंतर चांगल्या प्रतीचे पॅड, म्हणजे डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे, बसवावेत; डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाखाली गेली असल्यास तीही बदलावी. चिखलपाण्यातून गाडी फिरवली असेल, तर पावसाळा संपताच कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना स्वच्छ करून त्यांना उष्णता सोसणारे ग्रीस लावून घ्यावे, कारण अडकलेली पिन एकाच बाजूचा पॅड झिजवते. मुलाबाळांना घेऊन उतरताना खालचा गिअर उताराच्या आधीच टाकावा.